पिवळें पान आणि मुळावरील गांठ

सोयाबीन अथवा भुईमूग किंचित् पिवळा दिसला कीं युरियाचें पोतें फोडावयाचें, ही रीत आमच्या शेतकरी बंधूंमध्यें बरीच रूढ झाली आहे. आम्हांस ती घातक वाटते.

द्विदल पिकांच्या मुळांवरील गांठींत राहणाऱ्या जीवाणूंमुळें हवेंतील नत्र पिकास मिळतो, हें जर्मनींतील हेलरीगेल व विल्फार्थ ह्यांनीं १८८६ मध्यें दाखविलें. तेव्हांपासून सारें श्रेय जीवाणूंसच देण्याची संवय पडली. वस्तुतः घराचा धनी रोप आहे. जीवाणूंनीं धाडलेला रासायनिक निरोप मुळांवरील रोपाचीं ठराविक प्रथिनें ओळखतात. ओळख पटली तरच दार उघडतें. हरभऱ्याचा जीवाणु सोयाबीनला चालत नाहीं तो ह्यामुळेंच.

पुढील व्यवस्थाही रोपाचीच. नत्र स्थिर करणारें जीवाणूंचें प्रथिन प्राणवायूनें नासतें, आणि प्राणवायूवांचून जीवाणूंचें चालत नाहीं! हा पेंच रोप लेगहिमोग्लोबिन नांवाच्या प्रथिनानें सोडवितें. आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिनाचें हें भावंडच. जपानी शास्त्रज्ञ कुबो ह्यांनीं तें १९३९ मध्यें ओळखलें. प्राणवायु धरून ठेवून तें तो बेताबेतानें पोंचवितें. २००५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत रोपाला हें प्रथिन बनवूं दिलें नाहीं. गांठी आल्या, परंतु नत्र मुळींच स्थिर झाला नाहीं. तेव्हां गांठी नुसत्या मोजून समाधान मानणें व्यर्थ होय.

ह्या गांठी पोसण्यास रोपाची साखर खर्च होते. म्हणून त्या पुरेशा झाल्या कीं पानांतील एक प्रथिन मुळास थांबण्याचा हुकूम देतें. जमिनींत आयता नत्र मुबलक असला तर रोप नव्या गांठी धरीत नाहीं व जुन्या लवकर थकतात. पैसे मोजून फुकटचा गडी घरीं बसविण्याचाच हा प्रकार. पेरणीच्या वेळीं दिलेल्या थोड्या नत्रास आमचा विरोध नाहीं, कारण गांठी कामास लागेपर्यंत कांहीं आठवडे जातात.

पेरणीनंतर पांच-सहा आठवड्यांनीं चार रोपें खणून काढावीं. उपटूं नयेत, काळ्या जमिनींत गांठी तुटून मातींतच राहतात. मुळें धुऊन गांठ नखानें फोडावी. आंत तांबूस रंग दिसल्यास पिवळेपणाचें मूळ अन्यत्र शोधावें. चुनखडीच्या जमिनींत तें बहुधा लोहाच्या उणिवेंत सांपडतें, आणि तेथें युरिया काय करणार? गांठ पांढरी निघाली तर मात्र यंदा नत्र देणें प्राप्त आहे, आणि पुढील पेरणीस त्याच पिकाचें रायझोबियम संवर्धक बियाण्यास चोळून, बीं सावलींत सुकवून पेरावें.