वास्तू उभी राहिली. किंमत कोणी मोजली?

एखादा गायकवृंद परदेशच्या दौऱ्यावर निघाला म्हणजे वृत्तपत्रांतून छायाचित्रे झळकतात, निरोपाला हारतुरे होतात आणि परतल्यावर सत्कार होतो. दौऱ्याचा जमाखर्च मात्र क्वचितच कोणी मांडतो. तिकिटविक्रीतून किती आले आणि प्रवासात किती गेले, एवढाच हा जमाखर्च नव्हे. ज्यांच्या गळ्यावर हा सारा व्यवहार चालला त्यांनी काय मिळवले आणि काय गमावले, याचीही नोंद त्याच वहीत व्हावयास हवी. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केलेले दौरे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहेत.

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी १८६६ मध्ये टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे फिस्क विद्यालय निघाले. सैन्याने सोडलेल्या रुग्णालयाच्या बराकी, हीच त्याची वास्तू. पाच वर्षांतच संस्था कर्जात बुडाली. मुक्त झालेल्यांपाशी स्वातंत्र्य होते, परंतु भांडवल नव्हते; दक्षिणेतील श्वेतवर्णीय धनिकांना या शाळेविषयी आस्था नव्हती. अशा वेळी संस्थेचे कोषाध्यक्ष आणि संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट यांनी नऊ विद्यार्थ्यांचा वृंद घेऊन ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नॅशव्हिल सोडले. या नवांपैकी बहुतेक गुलामगिरीत जन्मलेले होते. वृंदाची पियानोवादक एला शेपर्ड हिला तर तिच्या पित्याने पैसे मोजून मालकाकडून सोडवून घेतले होते.

प्रारंभी यश आले नाही. वृंद युरोपीय धर्तीची गीते म्हणत असे; श्रोते थोडे येत आणि वर्गणीतून प्रवासाचा खर्चही भागत नसे. त्याच महिन्यात शिकागोला मोठी आग लागली होती. स्वतःच्या हातात दमडी नसताना या मुलांनी सिनसिनाटी येथील कार्यक्रमाचे उत्पन्न, जे पन्नास डॉलरही नव्हते, आगग्रस्तांना देऊन टाकले.

पारडे फिरले ते गीते बदलल्यामुळे. मळ्यांवर राबताना आईबापांनी गायिलेली भक्तिगीते ही या मुलांच्या घरची ठेव होती. परक्यांसमोर ती म्हणण्यास त्यांचा जीव कचरत असे. त्या सुरांत जसे ईश्वराचे नाव होते, तशी दास्याची आठवणही होती. नोव्हेंबरमध्ये ओबर्लिन येथील एका धर्मपरिषदेत त्यांनी ती गीते म्हटली आणि सभागृह स्तब्ध झाले. बायबलमध्ये दर पन्नासावे वर्ष दासमुक्तीचे, ‘ज्युबिली’चे, सांगितले आहे; त्यावरून वृंदाचे नाव ‘ज्युबिली सिंगर्स’ पडले. संकल्पित वीस हजार डॉलर त्यांनी १८७२ पर्यंत जमविले.

पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, वृंद इंग्लंडला गेला. राणी व्हिक्टोरियासमोर त्यांचे गायन झाले. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी त्यांना आपल्या घरी पाचारण केले. ज्यांना मायदेशी अनेक खाणावळींतून रंगामुळे हाकलले जात होते, त्यांना परदेशी सन्मानाने पंक्तीस बसविले गेले. सुमारे सात वर्षांच्या दौऱ्यांतून, इंग्लंड, हॉलंड आणि जर्मनीसह, एकूण दीड लाख डॉलर जमले असे मानले जाते. त्या पैशाने बांधलेल्या ‘ज्युबिली हॉल’चे उद्घाटन १ जानेवारी १८७६ रोजी झाले. ती इमारत आजही उभी आहे.

आपले दुःख बाजारात मांडून दया गोळा करण्यातलाच हा प्रकार नव्हे काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो वरवरचा आहे. त्या काळी अमेरिकेतील रंगमंचावर गोरे नट तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करीत आणि प्रेक्षक पोट धरून हसत. बाजार होता तो या विटंबनेचा. फिस्कच्या मुलांनी साध्या पोशाखात, संयमाने उभे राहून, आपलेच गाणे आपल्याच तोंडाने म्हटले. त्यांनी केवळ पैसा मिळविला असे नव्हे, तर देवघेवीच्या अटीच पालटून टाकल्या.

तथापि खर्चाची बाजू लपविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अर्थशास्त्रात एखाद्या गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी सोडून द्यावी लागलेली दुसरी गोष्ट. ही मुले शिकण्यासाठी फिस्कला आली होती. वर्षानुवर्षांच्या प्रवासाने त्यांच्यापैकी अनेकांचे शिक्षण खंडित झाले. थंडी, अपुरी विश्रांती आणि रोजचे कार्यक्रम यांनी काहींचे आवाज बसले, काहींच्या प्रकृती ढासळल्या. बेंजामिन होम्स क्षयाने अकाली गेला. अखेर १८७८ मध्ये थकलेला वृंद जर्मनीत विसर्जित झाला. पुढल्या पिढ्यांना वर्गखोल्या मिळाव्यात म्हणून या मुलांनी स्वतःचा वर्ग सोडला.

महाराष्ट्राला ही कथा अगदीच परकी नाही. वृंद इंग्लंडमध्ये गात होता त्याच १८७३ साली जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले, आणि त्यांनी ते अमेरिकेतील दास्यविमोचनाचे कार्य करणाऱ्या लोकांना अर्पण केले. कायद्याने बेडी तुटली तरी विद्येवाचून माणूस मोकळा होत नाही, हे पुण्यातही ओळखले गेले होते आणि नॅशव्हिललाही. पुढे या वृंदातील फ्रेडरिक लाउडिन यांनी स्वतंत्र मंडळ काढून १८८४ ते १८९० या काळात जगभर दौरा केला. त्यात हिंदुस्थानही होता.

आजही कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयाचा वृंद स्पर्धेला वा महोत्सवाला जातो. संस्थेच्या अहवालात त्याचे छायाचित्र छापले जाते आणि देणगीदारांपुढे तो अहवाल ठेवला जातो. परंतु बुडालेले तास कोणी भरून काढले, परीक्षेत मागे पडलेल्या मुलामुलींची वास्तपुस्त कोणी केली, प्रवासखर्चासाठी कोणत्या पालकाने कर्ज काढले, याचा रकाना त्या अहवालात नसतो. फिस्कपुढे दुसरा मार्ग नव्हता. ज्यांच्यापुढे आहे, त्यांनी त्या त्यागाचे दाखले देऊन विद्यार्थ्यांकडून तोच त्याग वसूल करणे न्याय्य नव्हे.

दौरे बंद करावेत असा याचा अर्थ नाही. ते अवश्य व्हावेत. परक्या भूमीवर आपले गाणे म्हणताना माणसाला स्वतःची ओळख नव्याने होते. मात्र दौऱ्याच्या अंदाजपत्रकात विमानभाड्याच्या बरोबरीने बुडणाऱ्या अभ्यासाची भरपाई, प्रकृतीची काळजी आणि गरीब विद्यार्थ्याचा संपूर्ण खर्च या तीन बाबी आधी धराव्यात. त्या भागत नसतील, तर दौरा पुढे ढकलावा. संस्थेची कीर्ती एक वर्ष थांबू शकते. विद्यार्थ्याचे वय थांबत नाही.