आधी लिहा, मग पुसा

चुकीची रक्कम दिवाणजी खोडतो, ती खालचा आकडा वाचता येईल इतपतच. पान फाडणाऱ्या दिवाणजीला पेढीवर कोणी ठेवून घेत नाही. संगणकाला ही रीत आपणहून ठाऊक नसते. ती शिकवावी लागते.

इचलकरंजीला खेटून असलेल्या कबनूरचेच उदाहरण घ्या. गल्लोगल्ली यंत्रमागांचा खडखडाट. पुष्कळ मागवाले खर्चीवाले. म्हणजे सूत व्यापाऱ्याचे, माग आपला, आणि विणून दिल्याची मजुरी तेवढी आपली. किती बिमे आली, किती तागे गेले, मजुरी किती यायची राहिली, हा हिशेब हीच त्यांची पुंजी. समजा, तो कोणी ‘बेसिक’ भाषेत मांडला. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी १९६४ साली ही भाषा नवशिक्यांसाठी रचली. पुढे छोट्या संगणकांबरोबर ती आपल्याकडेही आली.

डॉसवर चालणाऱ्या जीडब्ल्यू-बेसिकमध्ये फाइल नाहीशी करण्याचा हुकूम एका शब्दाचा: ‘किल’, म्हणजे ठार कर! पुढे अवतरणांत फाइलचे नाव दिले की काम फत्ते. ‘खरेच का?’ असे विचारण्याचा शिष्टाचार त्याच्यापाशी नाही.

मग असला हुकूम प्रोग्रॅममध्ये घालावाच कशाला? तर ओळीमागून ओळ लिहिलेल्या फाइलीत मधलीच एक ओळ बदलता येत नाही. जुनी वाचत जायची, दुरुस्त मजकूर दुसऱ्या फाइलीत उतरवायचा, दोन्ही मिटायच्या, जुनी ‘किल’ करायची आणि ‘नेम’ या हुकमाने नवीला जुनीचे नाव द्यायचे. जुनी असेतोवर ते नाव नवीला मिळत नाही, म्हणून ‘किल’ आलेच.

सारी मेख या क्रमात आहे. एखादा घाईने जुनी आधी पुसतो आणि मग नवी लिहू लागतो. नेमकी तेव्हाच वीज जाते! वीज आली की माग पुन्हा सुरू होतात. हिशेब मात्र ना जुना उरतो, ना नवा. मग व्यापाऱ्याची वही म्हणेल तेच खरे. आधी लिहून मग पुसणाऱ्याच्या हाती दोहोंपैकी एक प्रत उरते.

आणि चुकून ‘किल’ झालेच तर? डॉस मजकूर खरवडून काढीत नसे. सूचीतील नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी खूण करी आणि फाइलची जागा मोकळी समजे. तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर तसाच पडून असे. म्हणूनच १९८२ साली पीटर नॉर्टन यांच्या प्रोग्रॅमला गेलेल्या फाइली परत आणता आल्या. १९९१ च्या डॉस ५ मध्ये तर ‘अनडिलीट’ ही सोयच आली. ती नावाचे हरवलेले पहिले अक्षर तेवढे विचारी. अट एकच: मध्यंतरी त्या डिस्कवर काही लिहायचे नाही.

परंतु दैवावर कशाला विसंबावे? जुनी फाइल मारण्याऐवजी तिचे नाव बदलून ती एक दिवस राखावी, आणि ‘किल’ चालवावे ते परवाच्या प्रतीवर. डिस्कवरची थोडी जागा अडेल खरी. पण पाडव्याला नवी वही उघडताना वर्षाची मजुरी जागच्या जागी सापडेल.