पाच डॉलर आणि घरातला भाडेकरू

नोकरीच्या ठिकाणी ईदची रजा मागताना आपल्यापैकी अनेकांची जीभ जड होते. ईद नक्की कधी, हे चंद्र दिसेपर्यंत सांगता येत नाही आणि साहेबाला तर तारीख हवी असते. गेल्या महिन्यात आम्ही अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहराविषयी वाचत होतो, तेव्हा अशाच एका रजेपाशी अडखळलो.

५ जानेवारी १९१४ रोजी हेन्री फोर्ड यांच्या मोटार कंपनीने जाहीर केले की आठ तासांच्या कामाला दिवसाचे पाच डॉलर मिळतील. तोवर नऊ तासांना २.३४ डॉलर मिळत. कडाक्याच्या थंडीत कारखान्याच्या फाटकावर हजारोंची झुंबड उडाली. पोलिसांनी गर्दीवर पाण्याचे फवारे सोडले. आणि त्याच महिन्यात, जुन्या पंचांगाप्रमाणे नाताळ करायला घरी राहिलेल्या आठ-नऊशे ग्रीक आणि रशियन कामगारांना कंपनीने काढून टाकले. अमेरिकेत राहायचे तर सणही अमेरिकेचेच!

पाच डॉलर म्हणजे काही खैरात नव्हती. सरकता पट्टा आल्यापासून दिवसभर एकच पेच आवळायचा, या कामाला माणसे टिकत नव्हती. १९१३ मध्ये चौदा हजारांची हजेरी राखायला कंपनीला पन्नास हजारांहून अधिक माणसे भरावी लागली. कामगारांत दहापैकी सात जण परदेशात जन्मलेले. डेट्रॉईटची वस्ती १९०० मध्ये २,८५,७०४ होती, ती १९२० मध्ये ९,९३,६७८ झाली. एवढी माणसे राहत कुठे होती?

बऱ्याच जणांचा मुक्काम दुसऱ्याच्या घरात असे. आधी आलेले कुटुंब एखादी खोली नव्याने आलेल्यांना देई. घरची बाई त्यांचे जेवण रांधी, कपडे धुई आणि चार पैसे मिळवी. मुंबईत गिरणगावच्या खानावळी चालवणाऱ्या बाया आणि कोकणातल्या गावांच्या जमातीच्या खोल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

कंपनीला मात्र हे खपत नसे. पाच डॉलरांतला निम्मा हिस्सा ‘नफ्याचा वाटा’ म्हणून होता आणि तो मिळण्याआधी कंपनीचा निरीक्षक घरी येई. दारू पितो का, शिल्लक किती, घर स्वच्छ आहे का, लग्न खरेच झाले आहे का, सगळी चौकशी. घरात भाडेकरू ठेवलेले दिसले की नापसंतीचा शेरा. परक्या पुरुषांमुळे संसार बिघडतो, असे त्यांचे म्हणणे. ही भीती आमच्याही घरांत कमी नाही, त्यामुळे निरीक्षकाला हसायचा हक्क आम्हाला नाही. पण भाडेकरू गेला की बाईच्या हातातली कमाईही जात होती, आणि हा हिशोब निरीक्षकाच्या वहीत नव्हता. पाच डॉलरांची योजना सुरुवातीला कारखान्यातल्या स्त्रियांना लागूच नव्हती!

कंपनीने इंग्रजी शिकवायला शाळाही काढली. तिच्या समारंभात मंचावर जहाजाचा देखावा आणि समोर भलीमोठी कढई असे. कामगार आपापल्या देशाच्या पोशाखात जहाजातून उतरून कढईत शिरत आणि सूट घालून, हातात अमेरिकेचा झेंडा घेऊन बाहेर पडत. शिकायला मिळाले, हे चांगलेच. पण वडिलांचा अंगरखा कढईत टाकताना त्या माणसाच्या मनात काय आले असेल, हा विचार आमची पाठ सोडत नाही.

या कामगारांत सीरिया-लेबनॉनकडचे मुसलमानही होते. १९२१ मध्ये कारखान्याजवळ, हायलँड पार्कमध्ये, त्यांनी मशीद उभी केली. मशीद म्हणूनच बांधलेल्या अमेरिकेतल्या अगदी पहिल्या इमारतींत तिची गणना होते. पैसा प्रामुख्याने मोहम्मद करूब यांचा. त्यांचे भाऊ हुसेन करूब इमाम. ती फार काळ चालली नाही. फोर्डचे काम डिअरबॉर्नच्या नव्या कारखान्यात हलले, तशी कुटुंबेही रोजीमागे तिकडे गेली.

डिअरबॉर्न हे हेन्री फोर्ड यांचे स्वतःचे गाव. तिथल्या सरकारी शाळांना आता ईदची सुट्टी असते.