खाटा मोजल्या, माणसे राहिली

इतवारीतील कोणत्याही जुन्या लॉजमध्ये शिरले की प्रथम दृष्टीस पडते ती व्यवस्थापकाच्या मेजावरची जाड, लांबट नोंदवही. नाव, गाव, कोठून आले, कोठे जाणार, येण्याचे कारण, आल्याची व गेल्याची तारीख, असे तिचे रकाने. सराफ्यात मुलीच्या लग्नाचे दागिने घेण्यासाठी आलेला गोंदियाकडचा शेतकरी, कापड आणि किराणा भरण्यासाठी आलेला छत्तीसगडचा छोटा दुकानदार, न्यायालयाच्या तारखेला आलेला पक्षकार, या साऱ्यांची एकेक रात्र त्या वहीत एका ओळीने बंदिस्त होते. निवासव्यवस्था चालवणाऱ्यांकडून अशा नोंदींची मासिक विवरणे राज्याचे पर्यटन खाते गोळा करते, राज्यांचे आकडे दिल्लीला जातात, आणि देशात कोणत्या काळात किती प्रवासी कोठे राहिले याचे चित्र मुख्यतः त्यांतून सिद्ध होते.

हे चित्र खोटे असते असे नव्हे. परंतु ज्याने खोलीचे भाडे दिले तोच या गणितात प्रवासी ठरतो. ज्याने परगावी येऊन शाळेच्या व्हरांड्यात, मैदानावर किंवा इस्पितळाच्या जिन्याखाली रात्र काढली, त्याच्यासाठी या वहीत रकाना नाही. मोजली जाते ती विकली गेलेली खाट. माणूस तिच्या आधाराने मोजला गेला तर गेला.

वहीचा इतिहासही बोलका आहे. १८६७ च्या सराय कायद्याने सराय चालवणाऱ्यावर नोंदणीचे बंधन घातले, आणि जिल्हा दंडाधिकाऱ्याने फर्मावल्यास आदल्या दिवशी वा रात्री उतरलेल्या प्रत्येक इसमाची वर्दी देण्याची सक्ती केली. परक्या राज्यकर्त्यांना प्रवाशाच्या सोयीइतकीच त्याच्यावरील नजरही महत्त्वाची वाटत होती. स्वातंत्र्यानंतर हेतू बदलला. पाळतीच्या जागी व्यापार आला. पण वहीबाहेरच्या माणसाकडे पाहण्याची दृष्टी काही आली नाही.

नागपूरच्या वर्षातील महिने या कसोटीवर तपासून पाहावेत. हॉटेलवाल्यांच्या लेखी या शहराचा भरभराटीचा महिना डिसेंबर. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन दरवर्षी येथे भरावयाचे असते, आणि ते बहुधा हिवाळ्यात भरते. मंत्र्यांसाठी रविभवन, आमदारांसाठी आमदार निवास, कर्मचाऱ्यांसाठी १६० खोल्यांचे गाळे सज्ज होतात. उरलेला लवाजमा शहरातील हॉटेले भरून टाकतो. त्याच दिवसांत विदर्भातूनच नव्हे तर साऱ्या महाराष्ट्रातून मोर्चे येतात. अंगणवाडी सेविका येतात, कंत्राटी कामगार येतात, वनहक्काचे पट्टे मागणारे आदिवासी येतात. पारा १० अंशांच्या खाली उतरलेल्या रात्री ही माणसे यशवंत स्टेडियमच्या परिसरात सतरंजीवर काढतात. एकाच शहरात, एकाच रात्री, एकाच अधिवेशनासाठी आलेल्या दोन प्रकारच्या माणसांपैकी पहिल्याची नोंद सरकारी वा खासगी वहीत होते; दुसऱ्याची झालीच तर पोलिसांच्या बंदोबस्ताच्या कागदात होते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले. ज्या राजधानीने त्यांना निवेदन द्यायला बोलावले, तिने त्यांच्या येण्याची, थांबण्याची आणि परतण्याची काय तजवीज केली होती, हा प्रश्न त्यांच्या स्मारकापाशी आजही उभा आहे.

दुसरा महिना आश्विन. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर नागपुरात आले तेव्हा त्यांचा मुक्काम सीताबर्डीवरील श्याम हॉटेलात होता. त्यांच्या हाकेला ओ देऊन आलेली लाखो माणसे कोणत्याही हॉटेलात उतरलेली नव्हती. शिदोरी बांधून, पांढरी वस्त्रे नेसून आलेल्या त्या समुदायाने शहराच्या मोकळ्या जागांवर आणि वस्त्यांतील आप्तस्वकीयांच्या ओसरीवर मुक्काम केला. तेव्हापासून दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लोटणारा जनसागर तसाच येतो. तात्पुरते मंडप आणि शाळांच्या खोल्या त्याला आसरा देतात, स्वयंसेवी संस्था आणि सामान्य नागरिक अन्नपाणी पुरवतात. नागपूर ज्या दिवसांत सर्वाधिक परगावच्या माणसांना उराशी धरते, त्या दिवसांत भाड्याच्या खोल्यांचा हिशेब फार तर ‘सर्व खोल्या भरल्या’ इतकेच सांगू शकतो. वही भरली की तिच्या दृष्टीने जग संपते.

आणि तिसरा प्रकार बाराही महिन्यांचा. त्याला ना सण आहे ना हंगाम. इतवारीपासून जवळच असलेल्या मेयो इस्पितळात आणि पलीकडे मेडिकलमध्ये भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली येथूनच नव्हे, तर मध्य प्रदेशातील बालाघाट, शिवनी, छिंदवाडा येथूनही रुग्ण येतात. एका रुग्णामागे एक-दोन माणसे असतात. रुग्णाला खाट मिळाली तरी सोबतच्या माणसाला ती नसते. पहिले दोन दिवस तो इतवारीच्या स्वस्त लॉजमध्ये किंवा धर्मशाळेत काढतो. पैसे औषधांकडे वळू लागले की वळकटी घेऊन इस्पितळाच्या आवारात येतो. लॉजच्या वहीत त्या दिवशी ‘खोली सोडली’ अशी नोंद होते. शहर मात्र त्याने सोडलेले नसते.

हा केवळ सांख्यिकीचा वाद नव्हे. जे मोजले जाते त्याच्यासाठीच धोरण आखले जाते. खोल्यांच्या मागणीचा आलेख चढला की नव्या हॉटेलांना सवलती द्याव्यात, ताडोबा-पेंचच्या वाघांकडे जाणाऱ्या पाहुण्यांसाठी शहर सजवावे, असा सल्ला आकड्यांतून आपसूक निघतो. ओसरीवर झोपणाऱ्याचा आलेखच नसल्याने त्याच्यासाठी सल्लाही निघत नाही. करांची वाटचाल पाहिली तरी हे ध्यानात येते. दिवसाला १,००० रुपयांपर्यंत भाड्याची हॉटेलातील खोली जुलै २०२२ पर्यंत वस्तू व सेवा करातून मुक्त होती. १८ जुलै २०२२ रोजी तिच्यावर १२ टक्के कर बसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या सर्व खोल्यांना ५ टक्क्यांचा एकच दर लागू झाला. परिणाम असा की, ७,००० रुपयांची खोली घेणारा १२ टक्क्यांवरून ५ वर उतरला आणि ७०० रुपयांची खोली घेणारा शून्यावरून ५ वर चढला. याचे वर्णन सरकारने सवलत म्हणून केले. मेयोच्या दारात बसलेल्या बालाघाटच्या बापाला ती कोणत्या अंगाने सवलत वाटावी?

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारार्ह आहे. वर्षातून तीन दिवस येणाऱ्या लाखोंसाठी कोणतेही शहर कायमच्या खोल्या बांधू शकत नाही. हे खरे आहे आणि तशी मागणी कोणी करूही नये. त्या तीन दिवसांसाठी हव्यात त्या पुरेशा पाण्याच्या तोट्या, स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालये, वेळेवर उघडलेल्या शाळा आणि छप्पर. त्यांचे प्रमाण ठरवायचे तर मुक्कामाची मोजणी व्हावी लागेल. ती अशक्य नाही. २००८-०९ आणि २०१४-१५ मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीने हॉटेलवाल्याला न विचारता घराघरांत जाऊन प्रवासाची माहिती घेतली होती. विचारायचे कोणाला, हे बदलले की उत्तर बदलते, एवढा धडा त्यातून घेता येतो. मात्र काही वर्षांनी होणारी अशी पाहणी एखाद्या शहराच्या एखाद्या महिन्याचे नियोजन करू शकत नाही. ते काम महानगरपालिकेचे आहे.

बाराही महिने येणाऱ्यांसाठी मात्र कायमचे छप्परच हवे, आणि त्याचा मार्ग याच विदर्भाच्या मातीने दाखवला आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन जागोजाग धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही मुंबईत उपचारांसाठी येणाऱ्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आधार देते. ज्या माणसाने स्वतःसाठी घर बांधले नाही, त्याला परक्या गावी आलेल्या गरिबाची पहिली गरज कळली होती. लोकनियुक्त शासनाला ती कळू नये?

साधने नाहीत ही सबबही टिकणारी नाही. २०२० च्या साथीत नागपूरच्या आमदार निवासाचे विलगीकरण केंद्र झाले होते. राज्यकर्त्यांसाठी बांधलेली इमारत प्रसंगी जनतेसाठी उघडता येते, हे तेव्हा सिद्ध झाले. अधिवेशन आटोपले की त्या खोल्यांचे मूळ प्रयोजन पुढल्या अधिवेशनापर्यंत संपते. त्यांपैकी एक हिस्सा उरलेल्या महिन्यांत मेयो आणि मेडिकलमधील रुग्णांच्या नातेवाइकांना नाममात्र भाड्याने मिळावा. इतवारीतील जुन्या धर्मशाळांची दुरुस्ती सार्वजनिक निधीतून व्हावी आणि त्यांच्या काही खोल्या त्याच कामासाठी राखून ठेवाव्यात. इस्पितळाच्या आवारात रात्री झोपणाऱ्यांची दरमहा मोजणी होऊन ती महापालिकेने प्रसिद्ध करावी. या तीन मागण्यांत अवाजवी असे काहीही नाही.

शेवटच्या मागणीसाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचेही कारण नाही. दर महिन्याच्या एका ठरलेल्या रात्री पाच-दहा कार्यकर्त्यांनी वही-पेन्सिल घेऊन इस्पितळाच्या आवारात फेरी मारावी, प्रत्येकाला गाव, आजार आणि मुक्कामाचे दिवस विचारावेत. बारा महिन्यांनी जी वही तयार होईल ती सभागृहाच्या मेजावर ठेवावी. इतवारीच्या लॉजमधील वहीशेजारी ही दुसरी वही उघडली, तरच नागपुरात किती माणसे मुक्कामाला येतात या प्रश्नाचे पुरे उत्तर हाती लागेल.