चुकलेला डोस म्हणजे नकार नव्हे

गेल्या वर्षीची गोष्ट. माझी मोठी बहीण, आमची बाजी, धाकट्याला कडेवर घेऊन कामठीतल्या एका लसीकरण केंद्रावर गेली. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस द्यायचा होता. बाजी घरी शिवणकाम करते. सकाळ बाहेर गेली की त्या दिवसाची निम्मी कमाई गेली. तासभर बसवल्यावर तिला सांगितलं, "आज या लसीची दोनच मुलं आहेत, बाटली फोडता येणार नाही. पुढच्या वेळी या." पुढच्या वेळी ती गेली तर साठा संपलेला. त्यानंतर आशाताई घरी बोलवायला आल्या, तेव्हा बाजीच्या सासूबाईंनी दारातूनच सुनावलं, "अब नहीं भेजेंगे. बच्चे को लेके चक्करच मारते रहें क्या?"

महिन्याभराने कळलं की वहीत त्या घरासमोर एकच शब्द लिहिला गेला होता. नकार.

डोस नंतर मिळाला, पोरगा ठणठणीत आहे. केंद्राचं नाव मी लिहीत नाही, कारण असं एकाच केंद्रावर घडतं असं मला वाटत नाही. पण तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. दोनदा परत पाठवली गेलेली आई सरकारी कागदावर लस नाकारणारी ठरली. अशा नोंदींची बेरीज होते, बेरजेचा तक्ता होतो, तक्त्याची बातमी होते आणि बातमीत आपली वस्ती येते: "तिथे लसीला विरोध आहे."

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत गोवंडीला गोवराची साथ पसरली, मुलं दगावली. मग भिवंडी आणि मालेगावची नावं आली. तेव्हा आपण सगळ्यांनी हेच वाक्य ऐकलं. एका खोलीत आठ-दहा माणसं, कोविडच्या काळात विस्कळीत झालेलं लसीकरण, कामासाठी सतत जागा बदलणारी कुटुंबं, हे सगळं बातमीत कुठेतरी खाली असायचं. वर असायचा 'विरोध'. मालेगाव, भिवंडी आणि आपली कामठी ही तिन्ही विणकरांची गावं. तिथली साथ इथे यायला रेल्वेचं एक तिकीट पुरतं. म्हणून हा शब्द खरा किती आणि खोटा किती, हे आपण तपासायलाच हवं.

आधी बाटलीचं बघू. गोवर-रुबेलाची लस पावडरच्या रूपात येते. द्रावण मिसळलं की ती चार तासांत वापरायची, उरली तर फेकायची. तिच्यात जंतू रोखणारं द्रव्य नसतं, त्यामुळे हा नियम बाळांच्या जिवासाठीच आहे. पेंटासारख्या काही लसींची उघडलेली बाटली नीट ठेवली तर २८ दिवस चालते, ही चालत नाही. म्हणून दोन मुलांसाठी बाटली फोडताना हात अडखळतो. पण सूचना स्पष्ट आहे: एकच मूल आलं तरी बाटली उघडायची. बाटलीतले उरलेले डोस वाया गेले तरी चालतील, मूल परत जाता कामा नये. मग मूल परत का जातं? कारण वाया गेलेल्या डोसांचा हिशेब वर द्यावा लागतो. परत गेलेल्या आईचा हिशेब कुणी मागत नाही.

आता माहितीचं बघू. बाजीच्या घरी दोन कार्डं आहेत. मोठा भाचा २०१७ चा, धाकटा २०२३ चा. दोन्ही कार्डं शेजारी ठेवली तर मधल्या सहा वर्षांत वेळापत्रक किती बदललं ते दिसतं. मोठ्याला रोटाव्हायरसचे थेंब नव्हते, धाकट्याला आहेत. न्यूमोनियापासून वाचवणारी पीसीव्ही लस २०२१ मध्ये देशभर गेली. धाकट्याला ती सहा आठवड्यांना, चौदा आठवड्यांना आणि नऊ महिन्यांना मिळाली. मोठ्याला नुसती गोवराची लस होती, धाकट्याला गोवर-रुबेला. पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस २०२३ च्या जानेवारीपासून नऊ महिन्यांना सुरू झाला. म्हणजे नऊ महिन्यांच्या भेटीत धाकट्याला मोठ्यापेक्षा दोन सुया जास्त टोचल्या.

हे सगळे बदल चांगले आहेत. एकेक सुई एकेका रोगाची वाट अडवते. पण जिने पहिलं मूल याच केंद्रावर वाढवलं तिला प्रश्न पडणारच: तेव्हा इतक्या नव्हत्या, आता का? नवा बदल आला की नर्सताईंना परिपत्रक जातं, प्रशिक्षण होतं, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात तक्ता येतो. आईला काय येतं? नियमाप्रमाणे प्रत्येक आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली आणि ती कशापासून वाचवते, त्रास झाला तर काय करायचं, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणायचं. गर्दीच्या दिवशी यातली तारीख तेवढी सांगितली जाते. गोवर-रुबेलाच्या लसीनंतर काही मुलांना साधारण आठवड्याभराने ताप येतो, अंगावर हलकं पुरळही येतं आणि आपोआप जातं. हे आधी सांगितलं तर आई पॅरासिटामॉल देऊन निवांत राहते. सांगितलं नाही तर ती म्हणते, "सुई से ही खसरा हो गया." आणि ती खोटं बोलत नसते. तिने जे पाहिलं तेच सांगत असते.

मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. नवीन बदल सर्व्हरवर चढला म्हणजे काम संपलं, असं आमच्याकडे कुणी म्हटलं तर दुसऱ्या दिवशी वापरणाऱ्यांच्या तक्रारींनी त्याचा फोन तापतो. लसीकरणाची यंत्रणा तांत्रिकदृष्ट्या मागासलेली नाही, हे मी कौतुकानेच सांगतो. ई-विन ही प्रणाली लस ठेवलेल्या फ्रिजचं तापमान दुरून पाहते. ते २ ते ८ अंशांच्या बाहेर गेलं की संबंधितांना संदेश जातो. बाटलीवर एक छोटा चौकोन असतो, लसीला जास्त उष्णता लागली की त्याचा रंग बदलतो. आता यू-विनवर प्रत्येक मुलाच्या डोसाची नोंद होते. फ्रिज तापला की कळतं. आई तापली की मात्र 'नकार'. कारणांच्या यादीत 'आम्हीच परत पाठवलं' असा खानाच नसेल, तर ते कारण कुठल्याच तक्त्यात येणार नाही. हा दोष आशाताईंचा नाही. त्या आपल्याच मोहल्ल्यातल्या, तुटपुंज्या मोबदल्यात उन्हातान्हात फिरणाऱ्या बाया आहेत. ज्यांनी खाने आखले त्यांना हा प्रश्न विचारायचा आहे.

इथपर्यंत वाचून तुमच्यातले काही जण मान डोलावत असतील: बरोबर, सगळी चूक त्यांचीच. थांबा. आता आपलं.

आपल्यात नकार अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. "यानं मुलं होत नाहीत" हा मेसेज मला माझ्याच खानदानाच्या ग्रुपवर आला आहे, आणि पाठवणारा इंजिनिअर होता. आपण अर-राझीचं नाव अभिमानाने स्टेटसला ठेवतो. देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत, हे हजार वर्षांपूर्वी त्याने लिहून ठेवलं म्हणून छाती फुगवतो. आणि पुतण्याचा गोवराचा दुसरा डोस राहिलाय की झालाय, हे आपल्याला माहीत नसतं. नऊ महिन्यांच्या वयात दिलेल्या एका डोसाने शंभरातली साधारण ८५ मुलं सुरक्षित होतात, उरलेल्यांसाठी दुसरा डोस आहे. वस्तीतल्या शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही डोस मिळाले तरच गोवर थांबतो. अर-राझीचा खरा मान कार्डावरच्या त्या दुसऱ्या खान्यात आहे.

आणि आईच्या शंकेला हसणंही बंद करा. लसीत डुकराचा घटक आहे का, हा प्रश्न आला की आपण एक तर चिडतो, नाहीतर "असं काही नसतं" म्हणून उडवून लावतो. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने तो प्रश्न उडवला नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पुण्यात तयार होणाऱ्या गोवर-रुबेला लसीबद्दल उघड सांगितलं की तिच्या निर्मितीत असा घटक वापरला जातो, आणि त्याच फतव्यात हेही सांगितलं की पर्याय नाही व मुलांच्या जिवाला धोका आहे, म्हणून जरूरतीच्या तत्त्वावर ती घेणं जायज आहे. खरं सांगून पटवता येतं, हे त्यातून शिकावं. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंबईत हाफकिनच्या लसीबद्दल भीती पसरली, तेव्हा तिसऱ्या आगाखानांनी नुसतं भाषण केलं नाही; लोकांसमोर दंड पुढे केला.

पोलिओचंही तसंच. २००९ मध्ये भारतात ७४१ मुलांना पोलिओ झाला, जगातल्या जवळजवळ निम्म्या. उत्तर प्रदेशातल्या आपल्या वस्त्यांवर तेव्हा हाच 'नकारा'चा शिक्का होता. मग मोहल्ल्यातल्याच बाया घरोघर बसल्या, इमामांनी मशिदीतून आवाहन केलं, अलिगढ आणि जामियाची माणसं सोबत उभी राहिली. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा एकही रुग्ण सापडला नाही. त्याच वस्त्या, त्याच आया. बदललं एवढंच की कुणीतरी त्यांच्या प्रश्नाला त्यांच्या भाषेत उत्तर दिलं.

भाषेवरून आठवलं. कामठीत कितीतरी आया उर्दू शाळेत शिकल्या. बोललेली मराठी त्यांना कळते, छापील मराठी वाचताना त्या अडतात. आपल्याला दोन्ही येतात. परिपत्रकाची मराठी आणि आईची उर्दू यांच्या मध्ये उभं राहू शकणारे आपणच आहोत, आणि तिथेच आपण गैरहजर आहोत.

म्हणून नगर परिषदेकडे आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आपल्या चार मागण्या असू द्या. प्रत्येक केंद्राबाहेर मराठी आणि उर्दूत फलक लावा: आज कोणती लस आहे, कुणासाठी आहे, एका मुलासाठीही बाटली उघडली जाईल. ज्या मुलाला डोस न देता परत पाठवलं त्याची वेगळी नोंद ठेवा आणि ती नोंद वर पाठवा. मजुरीवर जाणाऱ्या आयांसाठी महिन्यातून एक सत्र संध्याकाळी घ्या. वेळापत्रकात बदल झाला की परिपत्रकाबरोबर आईसाठी एक पान काढा.

ते पान उर्दूत करून द्यायची जबाबदारी आपली. या जुम्याला नमाजनंतर दहा मिनिटं काढा, आपल्या गल्लीतल्या पाच वर्षांखालच्या मुलांची कार्डं बघा, कुणाचा डोस राहिला ते लिहून घ्या, आणि आईबरोबर केंद्रावर जा. बाटली उघडत नसतील तर नियम दाखवा, आवाज न चढवता. सुरुवात स्वतःच्या घरापासून करा. माझ्या घरी मी कार्डं उघडली तेव्हा बाजीच्या मुलाखेरीज आणखी एका मुलाचा डोस राहिलेला सापडला. ते मूल माझ्या सख्ख्या भावाचं होतं.