हळदीचं पोतं आणि लंडनची डिग्री

आमच्या येलदरीच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे. यंदा जयंतीला गावी गेलो तर तसबिरीच्या चौकटीत एक गुळगुळीत कागद खोचलेला. कागदावर टाय बांधलेली तीन पोरं. एक गोरा, एक काळा, एक आपल्यासारखा. तिघंही दात काढून हसतायत. वर मोठ्या अक्षरात : इंटरनॅशनल बिझनेस. एका वर्षात पदवी. जागतिक करिअर. खाली लंडनचा पूल. विद्यापीठाचं नाव मात्र एवढं बारीक की आजीच्या चष्म्यातून ते दिसूच नये.

"दादा, सप्टेंबरची बॅच हाय," चुलतभाऊ म्हणाला. बी.कॉम. झालाय. घरातला पहिला ग्रॅज्युएट. मी दहावी पास, न्हावा-शेव्याच्या गोदीत ठेकेदाराच्या हाताखाली कंटेनर भरतो आणि रात्री कविता लिहितो. तेव्हा घरात माझ्या मताला किंमत किती ते सांगायला नको. माझ्या पासबुकाला मात्र आहे. 'सीट पक्की' करायला दीड लाख पाहिजेत. माझ्याकडं तेवढेच आहेत. दलालाला हा आकडा कुठून कळला देव जाणे... देव नाही म्हणा, पोरानंच सांगितला असणार.

दलाल परभणीला एका हॉटेलात मेळावा भरवून गेला होता. तिथं तो म्हणाला म्हणे, "तुमचे बाबासाहेब कुठं शिकले? लंडनलाच ना?" टाळ्या पडल्या म्हणे. दोस्तहो, हा लेख त्या टाळ्यांसाठी आहे.

चुलते तयार आहेत. "घर गहाण ठेवू," म्हणतात. कोणतं घर, तात्या? गायरानातलं, दोन खोल्यांचं, पत्र्याचं. सातबारा नाही, मालकी हक्क नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर तुमचं नाव आहे आणि तेवढ्यावर बँकेचा साहेब चहासुद्धा पाजत नाही. मग दलालानंच एक खाजगी फायनान्सवाला गाठून दिला. व्याज विचारलं तर म्हणे, "पोरगा तिकडं पौंडात कमावणार, व्याजाचं काय घेऊन बसलात!"

पौंडात कमावणार. कधी? इंग्लंडनं नियम बदललाय. २०२७ च्या जानेवारीपासून पदवीनंतर थांबायचा अर्ज करणाऱ्याला दोनाऐवजी दीडच वर्ष मिळणार. तेवढ्यात नोकरी, तीही त्यांच्या पगाराच्या अटीत बसणारी. अमेरिकेत ट्रम्पनं २०२५ च्या सप्टेंबरात नव्या एच-वन-बी व्हिसावर एक लाख डॉलरची फी बसवली. आमच्या पोराच्या कागदावर यातलं अक्षर नाही. कागदावर हसणारी पोरं आहेत.

आता बाबासाहेब. दलालानं नाव घेतलंच आहे तर हिशेब पुरता होऊ दे.

१९१३ ला ते न्यूयॉर्कला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. कुणा फायनान्सवाल्याची सही घेऊन नाही. कोलंबियात त्यांनी काय निवडलं? १९१५ ला एम.ए.साठी प्रबंध लिहिला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर. म्हणजे ज्या कंपनीनं हा देश वखारीतून गिळला तिच्याच चोपड्या या माणसानं उघडल्या. १९१६ ला त्याच कोलंबियात 'कास्ट्स इन इंडिया' वाचला. पैसा आणि जात, दोन्ही एकाच दप्तरात. १९१८ ला मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले. कोणतं कॉलेज हे? कॉमर्सचं! धंद्याच्या शिक्षणाचं! तिथल्या शिक्षकमंडळींनी प्रोफेसर आंबेडकरांच्या पाण्याच्या भांड्याला हात लावण्यावर हरकत घेतली. त्याच काळात शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला द्यायची कचेरी त्यांनी काढून पाहिली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइकं पांगली. पगारातले पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेनांकडून पाच हजार उसने घेतले आणि १९२० ला पुन्हा लंडन गाठलं. १९२३ ला डी.एस्सी. विषय रुपया. या देशाच्या चलनाचं दुखणं काय, ते साहेबाच्या राजधानीत बसून साहेबालाच सांगितलं.

तेव्हा लंडन हे उत्तर अर्धंमुर्धं आहे रे दलाला. बाबासाहेब लंडनला प्रश्न घेऊन गेले होते. तुझ्या कागदावर प्रश्नाला जागाच कुठं ठेवली आहेस?

पण मी नुसता दलालावर दात खाऊन थांबणार नाही. आपल्याच गोटातल्या विद्वानांकडं वळतो. परवा एका बैठकीत मी भावाचं सांगितलं तर एक सीनियर कार्यकर्ते नाक उडवून म्हणाले, "एमबीए? म्हणजे भांडवलदारांचे मुनीम! आपल्या पोरांनी समाजशास्त्र करावं, कायदा करावा, एमपीएससी द्यावी." साहेब, तुमचं स्वतःचं पोरगं कुठं आहे? पुण्यात, मॅनेजमेंटला. असू दे, आनंद आहे. पण आमच्या पोरानं मात्र पैशाकडं पाठ करून बसायचं, गरिबीवर पेपर वाचायचे आणि शेठजीनं पोतं उचलायला हाक मारली की उठायचं? तिजोरीची किल्ली अपवित्र आहे असं ज्यांनी आपल्याला शिकवलं त्यांच्याच कमरेला ती लटकते आहे.

आणि सरकार? सरकार तर फार हुशार. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे, १२५ जागा, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींना. २०२२ ला तिच्या नियमांत कलम घातलं : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताचा सामाजिक अभ्यास या विषयांना परदेशी शिकायला पैसे नाहीत. मॅनेजमेंट करा, चालेल. आता सांगा, आज भीमराव रामजी अर्ज घेऊन गेला तर काय होईल? रुपयाचा प्रबंध कदाचित मंजूर. 'कास्ट्स इन इंडिया' नामंजूर! पैसा शिक, पण तो तुझ्याकडं का नाही हे शिकू नकोस. आणि जे मंजूर होतं त्याचं तरी काय? २०२५ च्या जुलैत निवड झालेल्या १०६ जणांपैकी पत्रं गेली ४० जणांना. बाकी ६६ जणांना सांगितलं, निधी असेल तर बघू. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. जागा ७५. २०११ च्या जनगणनेत या राज्यात अनुसूचित जातींची माणसं १ कोटी ३२ लाखांवर. भागाकार तुम्हीच करा.

या रिकाम्या जागेत दलाल उभा राहतो. सरकारनं सोडलेली प्रत्येक जागा तो भाड्यानं लावतो.

आता मला जे खरोखर ठाऊक आहे ते सांगतो. माझं ज्ञान पाठीवरचं आहे, पण आहे.

येलदरीच्या धरणात पूर्णेचं पाणी अडतं. १९६८ पासून तिथं वीज होते, साडेबावीस मेगावॅट. पाणी खाली सिद्धेश्वरला जातं आणि तिथून कालव्यानं वसमतकडं. वसमतला त्या पाण्यावर हळद पिकते. त्या हळदीला २०२४ ला भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले. फोटोत कोण होतं? फडावर हळद काढणारी, शिजवणारी, वाळवणारी, पायापासून कोपरापर्यंत पिवळी झालेली माझी मावशी नव्हती. तिला मजुरी मिळाली, मानांकन मिळालं नाही. पोती मोंढ्यात जातात. पट्टीवर हमाली, तोलाई लागते. वायद्याचा भाव एनसीडीईएक्सवर फुटतो, निजामाबादच्या हिशेबानं. मग कधीतरी मध्यरात्री तीच हळद आमच्या गोदामात येते आणि मी ती कंटेनरमध्ये थापी लावून भरतो. आईच्या गावच्या पाण्याचा वास नाकात जातो. खरं सांगतो, कविता नाही करत.

माल निघाला की एक कागद होतो. बिल ऑफ लेडिंग. तो ज्याच्या हातात त्याचा माल. पाठवणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, जहाजाचं नाव, वजन, सगळं त्यावर. निर्यातीच्या करारात एक अट असते, एफओबी. माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची, चढल्यावर घेणाऱ्याची. टॅली क्लार्कनं मला एका पाळीत समजावलं. मी विचारलं, "आणि साखळी तुटून पोतं आमच्या अंगावर पडलं तर?" तो हसला. म्हणाला, "ते या कागदात येत नाही."

आंतरराष्ट्रीय धंदा तो हाच, गड्यांनो. लंडनच्या पुलाचा फोटो नाही. आपण त्यात पहिल्यापासून आहोत. फक्त तळाशी आहोत आणि कागदावर नाही आहोत. म्हणून मी भावाला जाऊ नको म्हणत नाही. जा. पण हा कागद वाचायला जा. जहाजाचं भाडं कोण ठरवतं, वायदा बाजारात न पाहिलेली हळद कोण विकतो, पतपत्र कोणती बँक देते आणि कुणाला देत नाही, विमा कुणाच्या जिवाचा असतो, हे शिकवणारी डिग्री असेल तर ती बिझनेसची असो की वाणिज्याची की जहाजवाहतुकीची, घे. नुसतं 'मॅनेजमेंट' शिकवतो म्हणणाऱ्याला विचार, काय मॅनेज करू? शिष्यवृत्तीच्या यादीत बसणारं विद्यापीठ असेल तरच पाऊल टाक. यादीत नसलेल्या विद्यापीठाला सरकार पैसा देत नाही, मग आपण घर का द्यायचं? दीड लाखात सीट पक्की होत असेल तर ती सीट नाही, ते गिऱ्हाईक पक्कं होणं आहे.

आणि तिकडं जात नाही असं समजून जाऊ नको. २०२० ला कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्यानं सिस्को कंपनीवर जातीच्या भेदभावाचा दावा लावला. २०२३ ला सिएटल शहरानं जातीभेदाविरुद्ध कायदा केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसाच कायदा मंजूर केला आणि गव्हर्नरनं तो सही न करता परत पाठवला. पासपोर्टावर जात लिहीत नाहीत. आडनाव लिहितात.

हे सगळं मी भावाला रात्री सांगितलं. म्हणालो, दीड लाख देतो. दलालाला नाही. इंग्रजीच्या परीक्षेला, यादीतल्या विद्यापीठांच्या अर्जांना, परभणीत खोली करून अभ्यासाला. एक वर्ष जाऊ दे. आणि आत्ता सीझन आहे, पंधरा दिवस वसमतच्या मोंढ्यात जाऊन बस. कोण किती तोलतो, कोण किती कापतो, लिहून काढ. अर्जात काय लिहायचं ते तिथं सापडंल.

तो चिडला. "दादा, तुला दहावीवाल्याला काय कळतंय जगातलं? मलाबी हमालच करूलालास का?" बरोबर आहे त्याचं. बोलला ते लागलं मला. दोन दिवस बोलला नाही. तात्याही बोलले नाहीत. गुळगुळीत कागद चौकटीतच होता. मी काढायला हात घातला तर आजी म्हणाली, "राहू दे, पोराचा हाय."

मी परत आलो. पाळी सुरू झाली. पाच दिवसांनी रात्री साडेअकराला त्याचा फोन. मागं टेम्पोचे हॉर्न, कुणीतरी आकडे ओरडत होतं.

"दादा, पट्टीवर हमाली कापतेत ती क्विंटलवर कापतेत का पोत्यावर? हितं दोन माणसं दोन तऱ्हेनं सांगूलालेत."

म्हणालो, दोघांच्याही पट्ट्यांचे फोटो काढ आणि पाठव.