दोन स्वरांच्या मध्ये काय होते?

नोव्हेंबर लागला की प्लगइन विकणाऱ्या कंपन्यांच्या सवलतींचे ईमेल येऊ लागतात आणि त्यांच्यापाठोपाठ आमच्याकडे वाचकांची पत्रे. पियानो कोणता घेऊ? सतारीसाठी काय चांगले? तंतुवाद्यांचा अमुक संच निम्म्या किमतीत मिळतोय, घेऊन टाकू का? विचारणारे बहुतेक जण घरातल्या एका खोलीत बसून अभंग, भावगीते, जिंगल, मालिकांचे पार्श्वसंगीत करणारे आहेत. एक लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस, पंचवीस किंवा एकोणपन्नास पट्ट्यांचा कीबोर्ड, एवढाच संसार. किमती डॉलरमध्ये आणि मिळकत रुपयांत. अशा वेळी चुकीची खरेदी वर्षभर खुपत राहते, म्हणून या प्रश्नावर गुळमुळीत उत्तर देणे मला बरे वाटत नाही.

माझे मत असे : कोणतेही आभासी वाद्य घेण्याआधी ते दोन स्वरांच्या मध्ये काय करते ते ऐकावे, आणि त्यावरच निर्णय घ्यावा. सुटा स्वर आता बहुतेक सगळ्यांचाच चांगला वाजतो. उत्तम खोली, उत्तम माइक आणि उत्तम वादक मिळवून एकेक स्वर ध्वनिमुद्रित करणे आज कंपन्यांना अवघड राहिलेले नाही. अडचण येते ती पुढच्या स्वरावर जाताना. पेडल दाबलेले असताना आधीच्या सुरावर पुढचा सूर कसा पसरतो, व्हायोलिनवर बोट कसे सरकते, बासरीत फुंक न तोडता पुढचा स्वर कसा निघतो, डग्ग्यावर मनगट कसे दाबले जाते, या सगळ्याची परीक्षा तिथे होते. कण, मींड, खटका, मुरकी, गमक ही आपली नावे याच मधल्या जागेतली आहेत.

जाहिरातीत मात्र मोठ्या अक्षरात छापलेले असतात गिगाबाइट. हा आकडा कसा फुगतो याचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ ध्वनिमुद्रणाच्या एका सेकंदाला २८८ किलोबाइट लागतात. पियानोच्या ८८ पट्ट्या, प्रत्येकीचे हळूपासून जोरापर्यंत ८ थर, प्रत्येक नमुना सरासरी १५ सेकंदांचा, म्हणजे १०,५६० सेकंद आणि सुमारे ३ गिगाबाइट. पेडल दाबून वेगळे ध्वनिमुद्रण केले की ६, माइकच्या तीन जागा दिल्या की १८. एवढे होऊनही एका स्वराचा दुसऱ्याशी संबंध आलेलाच नाही. याच्या दुसऱ्या टोकाला फ्रान्समधल्या मोडार्ट कंपनीचा ‘पियानोटेक’ आहे. २००६ साली आलेल्या या प्लगइनमध्ये ध्वनिमुद्रित नमुने नाहीतच. हातोडी, तारा आणि लाकडी फळा यांचे गणित ते वाजवता वाजवता सोडवते आणि सगळे मिळून पन्नासेक मेगाबाइटमध्ये मावते. सुट्या स्वरात नमुन्यांचा पियानो अधिक खरा वाटतो हे मीही मानतो. पण अर्धे पेडल आणि एकमेकींमुळे झंकारणाऱ्या तारा ऐकायच्या असतील, आणि लॅपटॉपची रॅम आठच जीबी असेल, तर आधी हा डेमो उतरवून घ्या.

ऐकायचे कसे, तेही सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे रिव्हर्ब बंद करा. तयार प्रीसेट रिव्हर्बमध्ये बुडवलेले असतात आणि जोडकामातले सगळे दोष त्याखाली झाकले जातात. मग एकच स्वर सारख्या जोराने भराभर आठ-दहा वेळा वाजवा. दर वेळी हुबेहूब तोच नमुना वाजत असेल तर कानाला लगेच टोचतो. त्यानंतर स्वतःच्या कामातली एक ओळ वाजवा, कंपनीच्या डेमोतली नको. यमनातले नि-रे-ग घ्या, किंवा आत्ता हातात असलेल्या अभंगाचे ध्रुवपद. शेवटी पट्टी सोडल्यावर काय उरते ते ऐका. आणि विकत घेण्यापूर्वी वर्णनातली बारीक ओळ वाचा : लायब्ररी मोफत कॉन्टॅक्ट प्लेअरमध्ये चालते की तिला पूर्ण कॉन्टॅक्ट लागतो? पूर्ण कॉन्टॅक्टसाठीची लायब्ररी प्लेअरमध्ये १५ मिनिटे चालते आणि मग गप्प होते. स्वस्तात घेतलेल्या लायब्ररीसाठी नंतर तिच्याहून महाग सॉफ्टवेअर घ्यावे लागल्याची पत्रे आमच्याकडे नेहमी येतात.

सतार या कसोटीवर सर्वांत कठीण जाते. खऱ्या सतारीत मींड घेताना बाजाची तार पडद्यावर आडवी ओढली जाते. तरफा मात्र जिथे लावल्या आहेत तिथेच असतात, आणि ओढलेली तार त्यांच्या स्वराशी जुळली की त्या झंकारून उठतात. नमुन्यात बाजाची तार, तरफा आणि भोपळ्याची घुमारी एकाच ध्वनिमुद्रणात गोठलेली असते. पिच व्हील फिरवले की हे सगळेच एकदम वर सरकते. जणू सतारच आकाराने लहान-मोठी होत जाते. म्हणून सतारीचे प्लगइन पाहताना तरफांचा थर वेगळा आहे का, आणि मींडेची खरी ध्वनिमुद्रणे त्यात आहेत का, हे दोनच प्रश्न विचारा. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या ‘इंडिया’ संचापासून स्वर सिस्टिम्सच्या ‘स्वरप्लग’पर्यंत पर्याय अनेक आहेत, प्रत्येकाला हेच विचारता येते.

हाताची बाजूही शिकावी लागते. बहुतेक प्लगइनमध्ये पिच व्हीलची मर्यादा वर-खाली दोन अर्धस्वरांची असते. ती बारापर्यंत वाढवली तर मींड खडबडीत होईल अशी भीती अनेकांना वाटते. मिडीच्या पिच बेंडमध्ये एकूण १६,३८४ पायऱ्या आहेत. बारा अर्धस्वरांच्या मर्यादेतही एक पायरी सेंटच्या पाव भागापेक्षा लहान राहते, म्हणजे कानाच्या पलीकडची. सारंगी, बासरी किंवा गळ्याच्या अंगाची मींड घेताना चाक आधी खाली ओढून धरा, मग ज्या स्वरावर पोचायचे त्याची पट्टी दाबा आणि चाक हळूहळू सोडा. स्प्रिंग तुम्हाला नेमके त्या स्वरावर आणून ठेवते. पट्टी आधी दाबून चाक वर ढकलत गेलात तर अंदाजाने कुठेतरी थांबावे लागते, आणि बेसूरपणा तिथूनच शिरतो. ज्यांना परवडते त्यांनी प्रत्येक बोटाला स्वतंत्र पिच बेंड देणारे लिनस्ट्रुमेंटसारखे एमपीई कंट्रोलर अवश्य हाताळून पाहावे.

तंबोऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. तिथे मधली जागा दोन वाद्यांमध्ये असते. काळी एकमधला तंबोरा घ्या. खर्जाची तार ६९.३ हर्ट्झवर. तिचा पाचवा स्वरांश, म्हणजे आपला स्वयंभू गांधार, ३४६.५ हर्ट्झवर ऐकू येतो. त्याच वेळी तुम्ही सिंथच्या पॅडवर गांधार धरलात तर समान बारा भागांच्या जुळणीतला तो गांधार ३४९.२ वर असतो. दोन्ही एकत्र आले की सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे येतात. मिक्समध्ये काहीतरी गढूळ वाटते, मग आपण इक्वलायझर फिरवत बसतो आणि दोष जिथल्या तिथे राहतो. सोपा उपाय म्हणजे तंबोऱ्याबरोबरच्या पॅडमधून गांधार काढून टाकायचा, फक्त षड्ज-पंचम ठेवायचे. पंचमातला फरक दोन सेंटचा, तो खपून जातो. दुसरा उपाय जुळणी बदलण्याचा. सर्ज एक्सटी आणि व्हायटल हे दोन्ही मोफत मिळणारे सिंथ स्काला पद्धतीची जुळणीची फाइल उघडतात. गांधार १४ सेंटने उतरवलेली फाइल एकदा बनवून ठेवली की ती कायम उपयोगी पडते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कारागिरांचे सारे कसब ज्या जवारीत असते, ती जवारी पॅडच्या आवाजाखाली पुसली जाऊ नये एवढी काळजी आपण घ्यायलाच हवी.

तबल्याकडे आपण ठोक्यांचे वाद्य म्हणून पाहतो, पण तो सुरात लावलेला असतो. शाईमुळे त्याचे स्वरांश जुळून येतात हे सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले होते. गायिका काळी चारमध्ये गात असेल आणि नमुने काळी एकचे असतील, तर सात अर्धस्वर वर ढकललेला ‘ना’ सुरात येतो, पण त्याची आस तुटते आणि तबला खेळण्यातला वाटू लागतो. प्लगइनमध्ये निरनिराळ्या पट्टीत लावलेले तबले वेगवेगळे ध्वनिमुद्रित केले आहेत का, ते पाहा. डग्ग्याचा ‘गे’ एकच असेल तर तो संच ठेक्यापुरता वापरावा, लग्गीला नव्हे. घिस्सा नसलेला डग्गा ऐकणाऱ्याला कारण कळले नाही तरी निर्जीव वाटतोच. शिवाय केहरवा माउसने ग्रिडवर भरू नका. पॅडवर बोटांनी वाजवा, आणि क्वांटाइझ करायचेच तर पूर्ण न करता अर्ध्यावर थांबा. भजनी ठेक्याचा झोल त्या काही मिलिसेकंदांच्या मागेपुढे होण्यातच असतो. वाजवताना बफर १२८ सॅम्पलवर ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झला तो २.९ मिलिसेकंदांचा होतो, तर ५१२ वर ११.६ मिलिसेकंद उशीर होतो आणि हात नकळत पुढे धावू लागतो. मिक्स करताना तो खुशाल १०२४ करा.

हा वाद नवा नाही. मींड घेता येत नाही आणि जुळणी बांधलेली आहे, या आक्षेपांवरून ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडले. आक्षेप खोटे नव्हते. तरीही गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, आप्पा जळगावकर यांनी त्याच पेटीतून गायकी उभी केली. कणस्वर किती ओझरता लावायचा, पुढची पट्टी दाबताना आधीची किती उशिरा सोडायची आणि भात्याची हवा कुठे आवरायची, यात त्यांची आयुष्ये गेली. आपल्या कीबोर्डवर भात्याचे काम कंट्रोलर क्रमांक ११, म्हणजे एक्स्प्रेशन, करतो. तंतुवाद्याच्या ट्रॅकवर ही रेषा आखलेलीच नाही, असे कितीतरी प्रकल्प वाचकांकडून तपासायला येतात. स्वर बरोबर, लायब्ररी महाग आणि श्वास कुठेच नाही. नवे प्लगइन यावर उपाय नाही. एक फेडर डाव्या हाताखाली घ्या आणि प्रत्येक ओळ त्याच्यासह पुन्हा वाजवा.

म्हणून माझा आग्रह मोजक्या वाद्यांचा आहे. एक पियानो, एक सिंथ, एक तंतुवाद्यसंच आणि तालवाद्यांचा एक चांगला संच एवढ्यावर वर्षभर काम करून पाहा. सिंथसाठी तर पैसे खर्च करण्याची गरजच नाही. वरचे दोन पुरेसे आहेत, आणि डीएक्स-७ चा १९८३ मधला आवाज हवा असेल तर डेक्स्ड आहे. तंतुवाद्यांसाठी स्पिटफायरच्या मोफत ‘बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर’पासून सुरुवात करता येते. वाद्ये थोडी असली की त्यांच्या खोडी पाठ होतात. लेगाटोचा स्वर किती उशिरा उमटतो, त्यासाठी ट्रॅक किती मागे सरकवायचा, कोणत्या वेलॉसिटीला थर बदलतो, हे सगळे हाताला कळू लागते. चोरीची प्रत वापरू नका. ती कायद्यात बसत नाही, आणि ज्या वादकांनी ते स्वर वाजवले त्यांच्यापर्यंत जे थोडेफार पोचते तेही आपण त्यामुळे अडवतो. गाणे पूर्ण झाले की प्रत्येक ट्रॅक ऑडिओत उतरवून ठेवा, कारण पाच वर्षांनी प्रकल्प उघडाल तेव्हा त्यातले प्लगइन नव्या संगणकावर चालेलच असे नाही.

जे वाचते त्या पैशांत एक माणूस बोलवा. गाण्यातले एकच वाद्य खरे असले, ढोलकी म्हणा किंवा बासरी, तरी बाकीच्या आभासी वाद्यांकडे कान फारशा संशयाने पाहत नाही. कारण ती मधली जागा कुणीतरी खरोखर भरलेली असते. आपल्या भागात ढोलकीवादक, पखवाजवादक, संबळवाले आहेत, आणि त्यांची कामे ज्या लूपनी घेतली आहेत ते लूप बरेचदा दुसऱ्याच प्रांताच्या वळणाचे असतात.

यापुढचे पाऊलही आपल्यालाच टाकावे लागेल. ‘इंडिया’ नावाच्या संचांत सहसा सतार, तबला, ढोलक, बासरी मिळते. संबळ, हलगी, तुणतुणे यांना जागा क्वचितच. चौंडक्याची तर तार ताणत-सैल करतच वाजवायची असते. सुट्या स्वरांच्या जाळीत ते बसणार नाही, त्याची वाक्येच्या वाक्ये ध्वनिमुद्रित करावी लागतील. डिसेंट सॅम्पलर मोफत आहे, त्याची रचना साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिता येते, आणि एका शांत खोलीत दोन माइकवर सुरुवात करता येते. वादकाला मोबदला किती, त्याचे नाव कुठे येणार, नमुने पुढे विकले तर त्याचा वाटा काय, हे कागदावर आधी लिहून घ्यावे आणि त्याची प्रत त्याच्या हातात द्यावी. माइकच्या जागा, थरांची संख्या आणि अशा कराराचा साधा मराठी मसुदा पुढच्या अंकात देत आहोत. सुरुवात संबळापासून करू.